समोरच्याचं इंग्रजी तिथल्या तिथे सुधारावं का?

शब्दवेडी: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी लिहिलं, "प्लंबर डिड नॉट केम टुडे." एका सभासदाने खाली चूक दुरुस्तीची खूण म्हणून तारा (*) काढून नुसतं "कम" लिहिलं, वर हसरा चेहरा. तेव्हापासून सेक्रेटरी फक्त अंगठा दाखवतात. प्लंबर आला नाही हे सगळ्यांना कळलं होतं ना? मग चारचौघांत चूक काढू नये, असं माझं स्पष्ट मत.

खडूफळा: ताई, पटलं नाही. आज ग्रुपवर चालतं, उद्या हेच वाक्य नोकरीच्या अर्जात जातं. "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स" असं लिहिलेले अर्ज मी पाहतो. तिथे कुणी तारा काढत नाही, अर्ज बाजूला ठेवतात. आपला भिडस्तपणा त्याला नडतो.

घाटमाथा: दोघांनीही मूळ दुखणं सोडलंय. "आला", "आला नाही". मराठीत नकार आला तरी "आला" हलत नाही. इंग्रजीत "डिड" आलं की भूतकाळ त्याच्याकडे जातो आणि पुढे "कम" हे मूळ रूप उरतं. मराठी डोक्याला "डिड नॉट केम" बरोबरच वाटणार! "सिन्स"चंही तेच. आपण "सोमवारपासून" म्हणतो आणि "पाच वर्षांपासून"ही. इंग्रजीत सोमवारला "सिन्स", पाच वर्षांना "फॉर", आणि क्रियापद "हॅव बीन वर्किंग". किंवा "तो कुठे राहतो?" आणि "तो कुठे राहतो माहीत नाही" बघा, शब्दांचा क्रम तोच. म्हणून आपण सर्रास "आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह" म्हणतो. हवं "व्हेअर ही लिव्ह्ज". कारण न सांगता नुसतं "कम" लिहिलं, तर माणूस पुढच्या वेळी "डिड नॉट वेन्ट" लिहील. मग सुधारलं काय?

खडूफळा: साठ पोरांच्या वर्गात प्रत्येकाला मराठी-इंग्रजीची तुलना समजावत बसू? राज्यात २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आहे, तरी दहावीच्या वहीत "डिड वेन्ट" सापडतंच. घोकून घेतलं की बसतं.

घाटमाथा: मास्तर, घोकूनच तर इथवर आलोय.

उंडगा: मुळात चूक ठरवणार कोण? "प्रीपोन"ला, म्हणजे "पोस्टपोन"च्या उलट, ठरलेली वेळ अलीकडे आणण्याला, हसायचे, आज तो शब्द ऑक्सफर्डच्या कोशात आहे. एका माणसासाठी "ही" किंवा "शी"ऐवजी "दे" (they) वापरणं आजचं फॅड म्हणतात, पण ते चौदाव्या शतकापासून चालत आलंय. आज नुसतं "डिस्कस" बरोबर धरतात, वीस वर्षांनी "डिस्कस अबाउट"ही चालेल.

खडूफळा: चालेल तेव्हा शिकवू. आज परीक्षेत मार्क जातात. आणि "प्रीपोन" हा नवा शब्द आहे. "डिड केम"मध्ये वाक्याची रचनाच कोसळते. दोन्ही एका तागडीत घालू नका.

शब्दवेडी: हे मान्य. पण मास्तर, वर्गात सुधारणं तुमचं कामच आहे. ग्रुपवरच्या त्या गृहस्थांना कुणी नेमलं होतं? खासगीत एक ओळ लिहिता आली असती.

नवखा: मध्येच विचारतो. "आय ॲम हॅविंग अ डाउट" यात काय चुकतं? ऑफिसात सगळे म्हणतात.

घाटमाथा: शंका "असते", आपण ती करत बसलेलो नसतो, म्हणून "आय हॅव". "हॅविंग लंच" चालतं, कारण तिथे जेवण चालू असतं. शिवाय बाहेरच्यांना "डाउट" म्हणजे अविश्वास वाटू शकतो. परदेशी क्लायंटला सरळ "आय हॅव अ क्वेश्चन" लिहा.