मदत हवी आहे: जिवाणूंचे संदेश तोडून एमबीआरचे मेम्ब्रेन चोंदणे थांबवता येईल का?

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका गृहसंकुलाचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, मी सांभाळते. एमबीआर (मेम्ब्रेन बायोरिअ‍ॅक्टर) आहे: टाकीतले जिवाणू घाण खातात आणि पाणी बारीक छिद्रांच्या पडद्यातून, म्हणजे मेम्ब्रेनमधून, गाळून निघते. पीव्हीडीएफ या प्लास्टिकच्या पोकळ तंतूंचे मेम्ब्रेन टाकीतच बुडवलेले. शुद्ध झालेले पाणी फ्लशिंगला आणि बागेला जाते. प्रकल्प बंद पडला की टँकर मागवावे लागतात.

अडचण टीएमपीची, म्हणजे मेम्ब्रेनमधून पाणी ओढायला लागणाऱ्या दाबाची आहे. मेम्ब्रेन धुतल्यावर तो बरेच दिवस संथ चढतो आणि मग एकदम उसळी घेतो. एमएलएसएस (टाकीतल्या स्लजचे, म्हणजे जिवाणूंच्या गाळाचे प्रमाण) १०,००० मिग्रॅ/लिटरच्या आसपास, फ्लक्स (मेम्ब्रेनच्या दर चौरस मीटरमधून जाणारे पाणी) मुद्दाम कमी ठेवलेला, केस-चिंध्यांसाठी बारीक जाळीही आहे. हायपोने (सोडियम हायपोक्लोराइटने) धुतले की टीएमपी उतरतो, पण दर धुण्याला क्लोरीन मेम्ब्रेनचे आयुष्य खातो. मेम्ब्रेन साफ ठेवणारी बुडबुड्यांची हवा वाढवावी तर विजेचा खर्च रहिवाशांच्या माथी.

म्हणून कोरम क्वेंचिंगबद्दल, म्हणजे जिवाणूंचे आपसातले रासायनिक संदेश तोडण्याबद्दल, वाचायला घेतले. जिवाणू एएचएलसारखे (अ‍ॅसिल होमोसेरीन लॅक्टोन) निरोपाचे रेणू बाहेर सोडतात, गर्दी वाढली की ते साठतात, आणि मग सगळे मिळून बायोफिल्मचा चिकट थर बांधू लागतात. २००९ मध्ये सोल नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या चुंग-हाक ली यांच्या गटाने एमबीआरमध्ये टीएमपीच्या उसळीच्या वेळी मेम्ब्रेनवरच्या थरात एएचएल सापडल्याचे दाखवले. अ‍ॅसायलेज हे एएचएल तोडणारे विकर (एन्झाइम) घातल्यावर चोंदण्याचा वेग कमी झाला. पुढे त्यांनी ऱ्होडोकॉकस बीएच४ हा एएचएल तोडणारा जिवाणू एमबीआरमधूनच वेगळा काढला आणि अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळापासूनच्या जेलच्या) मण्यांत बंद करून टाकीत सोडला. जिवाणू न मारता फक्त त्यांचा निरोप अडवायचा, हे मला फार पटले.

बाजूला छोटी टाकी लावून हे करून बघायचे आहे. जाणकारांनी कृपया सांगावे:

मणी हवेबरोबर फिरताना मेम्ब्रेनला घासतातच. मग फायदा घासण्याचा की बीएच४चा, हे कसे ओळखायचे? खऱ्या सांडपाण्यात अल्जिनेट टिकते का? एचपीएलसी-मास स्पेक्ट्रोमीटर हे रेणू ओळखणारे महागडे यंत्र परवडणार नाही, तर एएचएल आहे-नाही एवढे तरी कशाने कळेल? आणि मनात सगळ्यात जास्त धास्ती याची आहे की संदेश तोडल्याने स्लजचे फ्लॉक (जिवाणूंचे पुंजके) किंवा नायट्रिफिकेशन (जिवाणूंनी अमोनियाचे नायट्रेट करणे) बिघडणार तर नाही?

प्रतिसाद

ताई, बाजूच्या टाकीत करताय हे उत्तम, मुख्य टाकीत आत्ता काहीच सोडू नका. टाक्या मात्र तीन हव्यात: एक बिनमण्यांची, दुसरीत जिवाणू नसलेले रिकामे मणी, तिसरीत बीएच४चे. तिन्हींत स्लज, फ्लक्स आणि हवा सारखी ठेवा. दुसरी आणि तिसरी यांतला फरक तोच बीएच४चा. तिन्हींचा अमोनिया आणि एसव्हीआय (स्लज किती नीट खाली बसतो त्याचा निर्देशांक) नियमित मोजलात तर धास्तीचेही उत्तर तिथेच मिळेल.

साधे अल्जिनेट कॅल्शियमने बांधलेले असते. सांडपाण्यातले सोडियम आणि फॉस्फेट ते कॅल्शियम ओढून घेतात आणि मणी ढिले पडतात. पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) मिसळलेले मणी जास्त टिकतात.

एएचएलसाठी सूचक जिवाणू, म्हणजे एएचएल भेटले की रंग दाखवणारे जिवाणू, वापरा. क्रोमोबॅक्टेरियम सीव्ही०२६ आखूड साखळीच्या एएचएलला जांभळा रंग देतो, लांब साखळीसाठी अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचा ए१३६ बरा. जवळच्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात विचारून बघा. नमुना अल्कधर्मी होऊ देऊ नका, त्यात एएचएलचे वलय उघडते आणि रेणू असूनही चाचणी कोरी येते. एएचएल हे मुख्यतः ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंचे निरोप; ग्रॅम पॉझिटिव्ह या दुसऱ्या मोठ्या गटातल्या जिवाणूंचे निरोप बहुतांशी पेप्टाइडचे असतात, ते बीएच४ तोडत नाही. त्यामुळे चोंदणे पूर्ण थांबेल अशी अपेक्षा नको.

त्याआधी एक शंका. उसळीला दुसरेही कारण असते. मेम्ब्रेनचा काही भाग चोंदला की उरलेल्या भागावर फ्लक्स वाढतो, तो मर्यादेपलीकडे गेला की तोही झपाट्याने चोंदतो. सरासरी फ्लक्स कमी असला तरी हे घडते. सगळ्या मॉड्यूलना (मेम्ब्रेनच्या जुडग्यांना) हवा सारखी पोहोचते का? प्रत्येक मॉड्यूलचा प्रवाह वेगळा मोजता आला तर आकडे इथे टाका.