कोल्हापूरच्या महापौरपदाचे दोन इच्छुक आणि केएमटी (महापालिकेची सिटी बस) : फुकट तिकीट की दहा मिनिटाला बस?

पेठकर :
महापौरपदासाठी ज्या दोघांची चर्चा आमच्या तालमीत चालू आहे त्यांची नावं लिहीत नाही, नाहीतर धागा पेटंल. दोघं बसवर बोलले हेच लई झालं. पहिले म्हणतात केएमटीत बायकांना तिकीट माफ. दुसऱ्या ताई म्हणतात तिकीट आहे तेवढंच राहू दे, पण चार-पाच मेन रूटवर दर दहा मिनिटाला गाडी. मी ताईंच्या बाजूनं. साधा हिशोब आहे, गंगावेश ते विद्यापीठ जाऊन-येऊन एक तास धरा, दोन गाड्या टाकल्या तर अर्ध्या तासाला एक मिळणार, दहा मिनिटाला पाहिजे तर सहा लागणार. अर्धा तास कोण थांबतंय, तोवर वडाप (सीटवर माणसं भरणारी खासगी गाडी) भरून गेलेलं असतंय, मग तिकीट फुकट असलं काय आणि नसलं काय.

मोरेवाडीकर :
तुम्हाला काय, पेठेतनं महाद्वारला चालत जाताय. मी रोज मोरेवाडीतनं राजारामपुरीला जातो (होय, बाईच आहे, आम्ही कोल्हापुरात असंच बोलतो). दुकानात कामाला, धुण्याभांड्याला येणाऱ्या बायकांना रोजचं तिकीट किती जड जातंय ते त्यांना विचारा. निपाणीला जाऊन बघा, कर्नाटकात जून २०२३ पासून तिथल्या बायकांना सरकारी साध्या बसला तिकीटच नाही. आपल्या एस्टीत पण मार्च २०२३ पासून अर्धं आहे. मग केएमटीनंच काय घोडं मारलंय?

रंकाळाकाठ :
ताई, तिथला भार राज्य सरकार उचलतंय. केएमटी महापालिकेची, म्हणजे शेवटी आमच्या घरफाळ्यातनं. आणि मोरेवाडी, पाचगाव, उचगाव हद्दीत येतात का? १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून हद्द इंचभर सरकलेली नाही, हद्दवाढ म्हटलं की गावं बंद पाळतात, बस मात्र दारात पाहिजे!

मोरेवाडीकर :
आला शेवटी हद्दवाढीवर. आम्ही काय फुकट बसतोय, तिकीट काढतो की. आणि गावातनं गिऱ्हाईक आलं नाही तर लक्ष्मीपुरीतले दुकानदार दिवसभर माश्या मारत बसतील.

कट्ट्यावरचा :
भांडा निवांत, पण महापौराच्या हातात काय आहे ते पण बघा. लोक थेट निवडत नाहीत, नगरसेवक निवडतात, तेपण अडीच वर्षांसाठी. कारभार आयुक्तांचा, बजेट स्थायी समितीतनं पुढं येणार, बसला परिवहन समिती वेगळी. केंद्राच्या पीएम ई-बस योजनेतनं कोल्हापूरला १०० गाड्या मंजूर आहेत, पण त्या गाड्या ठेकेदाराच्या, त्याला किलोमीटरवर पैसे. १२ मीटरच्या गाडीला केंद्र किलोमीटरला २४ रुपये देणार, तेपण १० वर्षं, वरचे महापालिकेनं घालायचे. गाडी रिकामी पळाली तरी बिल लागणारच. रोज किती किलोमीटर पळवणार आणि वरचे पैसे कुठनं आणणार, यावर दोघंही गप्प.

पेठकर :
हे बाकी खरं. म्हणूनच म्हणतोय, जिथं माणसं भरतात तिथं फेऱ्या वाढवा. पण एक गोष्ट मलाच खटकाय लागलीय, दहा मिनिटाला गाडी सोडाल हो, भाऊसिंगजी रोडला दोन्ही बाजूला टू-व्हीलर लावलेल्या, नवरात्रात तर बघायलाच नको, मग दसरा चौकात तीन गाड्या एकदम येणार आणि पुढं अर्धा तास एकही नाही. पार्किंगवर ताई बोललेल्या नाहीत. पेठेची मतं जातील ना!

मोरेवाडीकर :
मग मधलं करा की. बायकांना एस्टीसारखं अर्धं तिकीट आणि सकाळी साडेसहाला मोरेवाडीतनं पहिली गाडी. जो लिहून देईल त्याला मत.

रंकाळाकाठ :
कुठलं मत? मोरेवाडी हद्दीत नाही म्हणून आत्ताच सांगितलं ना :)

मोरेवाडीकर :
माझं नसू दे. माहेर मंगळवार पेठेत आहे, आठ मतं आहेत घरात.