निरक्षरांचीही पत्रे होती
१६व्या शतकातील स्पॅनिश पत्रव्यवहार दरबार आणि धर्मगुरू यांच्यापुरताच मर्यादित होता, हे मत मला पटत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी घरी धाडलेली शेकडो खासगी पत्रे स्पेनमधील सेव्हिलच्या इंडीज अभिलेखागारात (अमेरिकेतील स्पॅनिश वसाहतींच्या कागदपत्रांच्या संग्रहात) आहेत. ती टिकली याचे श्रेय सरकारी कारभाराला जाते. समुद्रापार जाण्याचा परवाना मागताना पत्नी किंवा भाचा आपल्याला बोलावणे आल्याचा पुरावा म्हणून मेक्सिकोहून वा लिमाहून आलेले पत्र अर्जाला जोडत असे. साहजिकच, इकडे सुबत्ता आहे, लवकर निघा, हा सूर त्यांत वारंवार लागतो आणि तो जपूनच वाचावा लागतो. ज्यांना लिहिता येत नसे ते दुसऱ्याकडून लिहवून घेत, आणि जहाज बुडण्याच्या धास्तीने एकाच पत्राच्या प्रती वेगवेगळ्या जहाजांतून पाठवल्या जात. पत्राचा मायना नियमांनी बांधलेला होता, हा मुद्दा मात्र रास्त आहे: कोणाला कसे संबोधावे हे स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने १५८६मध्ये फर्मान काढून ठरवून दिले, आणि राजाला लिहिताना आरंभी केवळ ‘सेन्योर’ (स्वामी) पुरे, असा दंडक घातला.