'याच दिवशी' म्हणजे नेमकं कुठल्या दिवशी?

आमच्या पेठेतल्या वाचनालयात जिन्याच्या तोंडाशी एक काळा फळा आहे. सकाळी कुलूप काढलं की त्यावर खडूने दिनविशेष लिहायचे, हे काम माझ्याकडे. परवा १ ऑगस्टला लिहिलं, 'याच दिवशी लोकमान्य टिळकांचे निधन. याच दिवशी अण्णाभाऊ साठे यांचा जन्म.' साल लिहायला जागा उरली नाही. रोज दुपारी पेपर वाचायला येणारे एक आजोबा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "एकाच दिवशी, की एकाच तारखेला?" मी म्हटलं, दोन्ही एकच की हो. "एकच कसं? आज तुमचं साधलं, एवढंच."

साधलं खरं. दोन्ही घटना १९२० च्या. टिळक गेले मुंबईत, सरदारगृहात. अण्णाभाऊ जन्मले वाटेगावला, त्याच रविवारी. पण १९ फेब्रुवारीला मी शिवजयंतीच्या खाली नामदार गोखल्यांचं नाव लिहिते. ते पुण्यात वारले १९१५ साली, महाराजांचा जन्म १६३० चा. मध्ये २८५ वर्षं. तिथेही 'याच दिवशी' आणि इथेही 'याच दिवशी'. वाचणाऱ्याला फरक कळणार कसा? वेगवेगळ्या वर्षी पण एकाच तारखेला घडलेल्या गोष्टींना आपल्याकडे एखादा शब्द आहे का? आणि जाता जाता, 'आजचा दिनविशेष' की 'आजचे दिनविशेष'?

प्रतिसाद:
ताई, शेवटचं आधी उरकतो. 'विशेष' हे इथे नाम आहे. रस्त्यात भेटल्यावर 'काय विशेष?' म्हणून विचारतो, तोच हा. एक असला तर 'आजचा', चार असले तर 'आजचे'. 'आज दिनविशेष आहे' असं हल्ली ऐकू येतं, ते मात्र कानाला खटकतं. दिवसालाच दिनविशेष म्हणणं म्हणजे ताटालाच भाजी म्हणण्यातला प्रकार.

आता मुख्य. तुमची अडचण 'दिवस' या शब्दात नाहीच. दिवस उजेडाचाही असतो, चोवीस तासांचाही आणि दरवर्षी फिरून येणाराही. गोम आहे ती 'याच' मध्ये. 'याच दिवशी' म्हटलं की आपण आजच्या दिवसावर उभं राहून मागे बघतो. साल कुठलंही चालतं. 'त्याच दिवशी' म्हटलं की ज्या घटनेचं बोलणं चाललंय, तिच्या दिवसावर बोट ठेवलं जातं आणि साल बदलत नाही. म्हणून फळ्यावर हवं होतं: 'याच दिवशी टिळकांचे निधन. त्याच दिवशी वाटेगावला अण्णाभाऊंचा जन्म.' जागाही जास्त लागली नसती.

आपल्या पुण्याचंच २२ जून १८९७ घ्या. राणीच्या हीरक महोत्सवाची मेजवानी गणेशखिंडीत गव्हर्नमेंट हाउसला झाली आणि त्याच दिवशी, परतीच्या वाटेवर, चापेकर बंधूंनी रँडला गाठलं. इथे 'त्याच दिवशी' हा योगायोगही नाही, तो साधलेला मुहूर्त आहे. (२२ जूनला 'रँडचा मृत्यू' लिहीत असाल तर तेही बदला. त्या रात्री मेला तो दुसरा इंग्रज अधिकारी, आयर्स्ट. रँड गेला ३ जुलैला.)

प्रतिसाद:
'तारीख' अरबीतून फारसीच्या वाटेने आली, आणि तिकडे तिचा अर्थ इतिहास असाही होतो. तिचंच अनेकवचन 'तवारीख'. जुन्या मराठीत हा शब्द इतिहास, बखर या अर्थाने वापरत. म्हणजे ताईंच्या फळ्यावर तारीख आणि तवारीख दोन्ही नांदतात. 'दिनांक' हा अर्जावरचा शब्द, बोलताना 'आज दिनांक किती?' कोण विचारतं?

'तिथी' मात्र आकाशातली. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी झाली. आता १ ऑगस्टला टिळकांची 'पुण्यतिथी', यात तिथी आहे कुठे? काटेकोर मंडळी म्हणून 'स्मृतिदिन' लिहितात. मी पुण्यतिथीच म्हणतो. रुळलेल्या शब्दाची हाडं मोजू नयेत. घरात मात्र तिथी अजून तिथीच आहे. 'परवा तिथी आहे' म्हटलं की कुणाची ते कोणी विचारत नाही, पानं किती ते विचारतात.

गंमत अशी की तिथी धरली की शेजारच बदलतो. देहूची तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीयेला (बीज म्हणजे द्वितीयाच), तिथीची शिवजयंती तृतीयेला, आणि षष्ठीला नाथषष्ठी. तारखेने महाराजांच्या जोडीला गोखले येतात, तिथीने लागूनच तुकोबा.

दर १९ वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा गाठ घेतात, एखादा दिवस इकडेतिकडे. एरवी दोनदा ओवाळणाऱ्या माझ्या आजीने एकोणिसाव्या वाढदिवसाला एकदाच ओवाळलं. श्रीखंडही एकदाच.

प्रतिसाद:
हे सगळं ठीक, पण पहिल्याच उदाहरणात पाचर आहे. टिळक गेले मध्यरात्र उलटून गेल्यावर. पंचांगाचा वार बदलतो सूर्योदयाला. म्हणजे त्या हिशेबाने तो शनिवारच. अण्णाभाऊ उजाडल्यावर जन्मले असतील तर दोघांचा दिवस एक नाही, तारीख तेवढी एक!

प्रतिसाद:
दर १४ जानेवारीला भाषणात ऐकतो, 'पानिपतावर ऐन संक्रांतीला संक्रांत कोसळली.' १७६१ ची ती लढाई पौष शुद्ध अष्टमीची, बुधवारची. तारीख १४ जानेवारी हे खरं. पण संक्रांत तोवर होऊन गेली होती. ती साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंद जन्मले १२ जानेवारी १८६३ ला, आणि तो संक्रांतीचा दिवस होता. मग त्याच्याही शंभर वर्षं आधी ती १४ ला कुठून येणार? 'संक्रांत येणे' हा वाक्प्रचार पानिपतातून निघालेला नाही. संक्रांत ज्याच्याकडे बघते त्याचं वाटोळं होतं, या समजुतीतला तो आहे.

प्रतिसाद:
एकच विनंती. २७ फेब्रुवारीला 'मराठी भाषा गौरव दीन' लिहू नका हो. दीर्घ वेलांटीने भाषा केविलवाणी होते.

प्रतिसाद:
एका शब्दासाठी 'एकतारखी' कसा वाटतो?

मूळ प्रश्न विचारणारी:
'एकतारखी' वाचताना एकतारीच ऐकू येते, म्हणून नको. 'दुग्धशर्करा योग' कुणीतरी फोनवर सुचवला. एकाचा मृत्यू आणि एकाचा जन्म, त्यात दूध कुठलं आणि साखर कुठली? 'कपिलाषष्ठीचा योग' निदान पंचांगातला आहे: भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र, व्यतिपात, शिवाय सूर्य हस्तात. एवढं सगळं जुळून यावं लागतं. नुसती तारीख जुळली तर त्याला कपिलाषष्ठी म्हणणं म्हणजे फार झालं. तेव्हा शब्द नाही तर नाही. 'याच' आणि 'त्याच' वर माझं काम भागेल.

२२ जूनला 'गोळी झाडली' एवढंच लिहीन. ३ जुलैची ओळ वहीत टिपून ठेवली. आज आजोबांना मध्यरात्रीची ती शंका सांगितली. पेपर खाली न करता म्हणाले, "मध्यरात्र कुठल्या घड्याळाची? मुंबईचा टाइम तेव्हा वेगळा होता. स्टँडर्ड टाइमच्या ३९ मिनिटं मागे."