मदत हवी आहे : पोकर साइटच्या जॉइनिंग बोनसचे खरे मोल कसे काढावे?

नमस्कार. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांना देशभर मनाई असल्यामुळे आम्हा निपाणीकरांनी खाते उघडण्याचा प्रश्नच नाही. मात्र लंडनला नोकरी करणाऱ्या माझ्या मामेभावाने, मी हिशेबनीस म्हणून, तिथल्या एका साइटची ऑफर तपासायला पाठवली आहे.

२०० पौंड भरल्यास तितकाच बोनस मिळेल, परंतु तो एकदम हाती येत नाही. खेळाडूच्या वाट्याचा २५ पौंड रेक, म्हणजे साइट प्रत्येक डावातून काढते ती नाल, कापला गेला की ५ पौंड सुटतात आणि ६० दिवसांनंतर उरलेला बोनस रद्द होतो. म्हणजे पूर्ण रकमेसाठी १,००० पौंड रेक. ५ टक्के रेकच्या दराने पाहिल्यास पॉटमधला, म्हणजे डावात सर्वांनी लावलेल्या एकूण रकमेतला, त्याचा वाटा तब्बल २०,००० पौंड! माझ्या मते हा बोनस नसून रेकवर २० टक्के सूट आहे, आणि रोज तासभर छोट्या रकमांच्या टेबलावर बसणाऱ्याला तीही जेमतेमच मिळेल.

रेकची वाटणी सर्वांना समान धरतात की प्रत्येकाने पॉटमध्ये घातलेल्या रकमेनुसार, आणि सावधपणे खेळणाऱ्याचे त्यात किती नुकसान होते, हे जाणकारांनी कृपया सांगावे. बोनस सुटण्यापूर्वी स्वतःची मूळ रक्कम काढल्यास तो रद्द होतो का, हे नियमावलीत नेमके कोठे पाहावे?