मदत हवी आहे: रॉयल इंडियन नेव्हीतल्या टेलिग्राफिस्ट आजोबांचं रेकॉर्ड कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

माझे आजोबा दापोली तालुक्यातले. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत टेलिग्राफिस्ट होते. कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या संदेशवहन शाळेत मोर्स (तारेची टिंब-रेघांची लिपी) शिकले, पुढे त्यांची बोट बर्मातल्या आराकानच्या किनाऱ्याला होती, एवढंच घरात ऐकलंय. बोटीचं नाव कुणालाच आठवत नाही.

ते गेल्यावर ट्रंकेत बर्मा स्टार हे युद्धपदक सापडलं, मागे त्यांचं नाव आणि नंबर कोरलेलं. सोबत सर्व्हिस सर्टिफिकेट. १९४६ साली नोकरीतून कमी केल्याची नोंद दिसते, बाकीचं ओल लागून पुसलंय. एक कोपरा तिरका उडालाय. कसरीचं काम नाही ते, कात्रीची सरळ रेघ आहे.

नंतरचं आयुष्य साधं. लालबागला कापडाच्या दुकानात हिशेब लिहिले, गिरण्यांचा संप लांबला तेव्हा गावी परतले. सरकारी नोकरीसाठी अर्ज केला नाही, पेन्शनही नव्हतं. रात्री रेडिओवर शॉर्टवेव्ह लावायचे. दोन स्टेशनांच्या मधे मोर्स लागला की काटा तिथेच ठेवायचा आणि पेपरच्या कडेला पेन्सिलीने कॅपिटल अक्षरं उतरवत बसायचं. काय लिहिताय विचारलं तर म्हणायचे, "कुठल्यातरी बोटीचं हवामान." युद्धाबद्दल अवाक्षर नाही.

आजी मात्र एकदा बोलून गेली होती, "ह्यांना मुलुंडला ठेवलं होतं, फार वाळले होते तेव्हा." आम्ही समजलो, बदली असेल.

आता वाटतं, आजोबा १९४६च्या नाविकांच्या उठावात होते. खात्री कशी करायची? कापलेल्या कोपऱ्याचा काही अर्थ असतो का? बाबांनी पंच्याहत्तरी ओलांडलीय. त्यांच्या हयातीत हे कळावं अशी फार इच्छा आहे.

प्रतिसाद:
तुमचा अंदाज बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. ब्रिटिश नौदलात ठपका ठेवून काढलेल्या माणसाच्या सर्टिफिकेटचा कोपरा कापत, आणि आपलं नौदल त्यांच्याच पठडीतलं. उठाव १८ फेब्रुवारी १९४६ला 'तलवार'वरच सुरू झाला. निकृष्ट जेवण आणि 'तलवार'चा प्रमुख कमांडर किंग याची शिवीगाळ यांनी ठिणगी पडली. उठाव केलेल्या नाविकांच्या संप समितीचे एम. एस. खान आणि मदन सिंग दोघेही संदेशवहन शाखेतले. टेलिग्राफिस्टांचा वाटा मोठा होता, कारण बातमी बोटीबोटीला पोचवणं त्यांच्याच हातात होतं. २३ तारखेला शरणागती झाली, मग धरपकड. पकडलेल्यांना मुलुंडच्या छावणीत ठेवलं होतं. ४७६ जणांना काढलं, आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना नौदलात परत घेतलं नाही. म्हणून आजींचं ते वाक्य आहे तसं लिहून ठेवा.

रेकॉर्डसाठी मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या 'ब्यूरो ऑफ सेलर्स'ला (नाविकांच्या नोंदी ठेवणारं नौदलाचं कार्यालय) लिहा. पदकावरचा नंबर न विसरता द्या, नुसत्या नावावर शोध लागणं कठीण. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही उठावाच्या फायली आहेत. न्या. फझल अली यांच्या चौकशी आयोगाचे कागद तिथे विचारा.

धागाकर्ता:
मनापासून आभार! मुलुंडचं वाचून बाबांना फोन केला, बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. पदकावरचा नंबर स्वच्छ वाचता येतो. अर्ज बाबांच्या सहीने करावा की मी नातू म्हणून केला तर चालेल? आजोबांच्या मृत्यूचा दाखला जोडावा लागतो का? कुणी मानखुर्दहून असं रेकॉर्ड मिळवलं असेल तर कृपया सांगा.