सीएचबीवर अजून एक वर्ष काढावं का?

केतकी:
मराठीत एम.ए., सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा), पीएचडी. नाशिकजवळच्या एका अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस), शिकवते. आठवड्याला जास्तीत जास्त ९ तासिका मिळतात, म्हणून दुपारी एसटीने सिन्नर गाठून एका विनाअनुदानित तुकडीवरही जाते. मानधन महिन्याच्या महिन्याला येत नाही. पहिल्या सत्राचे पैसे गेल्या वर्षी होळीच्या सुमारास जमा झाले. मे महिना कोरडा, आणि जून-जुलैत पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत, समोर तेच सर.

लेखन शिकवायला मला मनापासून आवडतं. उपयोजित मराठीच्या तासाला एफवायच्या एका मुलाने फी दोन हप्त्यांत भरू द्या असा अर्ज लिहिला. 'सविनय', 'नम्र विनंती', 'आपला आज्ञाधारक' सगळं जागच्या जागी, आणि खरं कारण अगदी सहीच्या वर: कांद्याचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकलेत. ती ओळ आम्ही वर घेतली. रक्कम किती, कोणत्या तारखेपर्यंत भरणार, तेही घातलं. अर्ज पाव पानावर आला, आणि मंजूर झाला. पण वर्गातल्या सगळ्या वह्या अशा वाचायच्या तर रविवार जातो. मानधन मात्र फक्त वर्गातल्या तासाचं.

आता एका प्रकाशनात मुद्रितशोधनाची पूर्णवेळ नोकरी चालून आली आहे. काय करू?

गोदाकाठ:
ताई, थांबा. पीएचडी आहे, भरती निघाली की नंबर लागेल. अनुभव वाया जात नाही.

जुना सीएचबी:
वाया जात नाही, पण किती धरतात ते बघा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत मुलाखतीची यादी करताना अध्यापनाच्या एका वर्षाला २ गुण आहेत, जास्तीत जास्त १०. पाच वर्षं झाली की पुढच्या वर्षाने गुण वाढत नाहीत. पदोन्नतीसाठी मागची सेवा धरायची तर तेव्हाचा पगार नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नसावा, अशीही अट आहे. तासिकेच्या मानधनात ती कशी बसणार? २०१९ मध्ये यूजीसीने अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला १५०० रुपये, महिन्याला ५०,००० पर्यंत, असा दर काढला. तेवढे हातात पडलेला सीएचबीवाला मला तरी भेटलेला नाही.

नोकरी घ्या. जाहिरात आली की तिथूनही अर्ज करता येतो. फक्त दर वर्षाचं नियुक्तिपत्र आणि अनुभव प्रमाणपत्र आत्ताच हातात घ्या. प्राचार्य बदलले की जुन्या फायली कुणी शोधत बसत नाही.

वैनतेय:
नियुक्तीला विद्यापीठाने दिलेल्या मान्यतेचं पत्रही घ्या. माझ्या बहिणीला मुलाखतीत तेच मागितलं होतं.

केतकी:
आभार सगळ्यांचे. माझे १० गुण भरले आहेत, त्यामुळे नोकरी घेते. शनिवारी अर्धा दिवस मिळाला तर सिन्नरचा लेखनाचा तास ठेवायचा आहे, प्रकाशनात उद्याच विचारते.

गोदाकाठ, थांबण्याचा सल्ला मी आता कुणालाच देणार नाही. लेखन शिकवणं म्हणजे मुलाची वही घेऊन बसणं, आणि ते काम कार्यभारात धरलंच पाहिजे. आमच्या संघटनेच्या निवेदनात तासिकेचा दर आहे, वह्यांचा उल्लेखच नाही. तो मुद्दा मी लिहून देतेय. सही करायची असेल त्यांनी इथे कळवा.